‘राडा’ : एका शब्दाची कुळकथा

एके सकाळी कचेरीत पाऊल ठेवले, तो टेबलावरच्या हिंदी दैनिकाच्या मथळ्यात ‘रार’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला दिसला. जागावाटपावरून दोन मित्रपक्षांत रार माजली होती. दुपारी जेवणाच्या सुटीत आम्ही नेहमीप्रमाणे भ्रमणध्वनीवर मराठी वृत्तपत्र उघडले. दिल्लीत मराठी वृत्तपत्र आता बहुधा असेच वाचावे लागते. तेथे मथळा होता, ‘सभेत तुफान राडा’. ‘रार’ आणि ‘राडा’ हे एकाच दिवशी, एकाच कामासाठी, दोन भाषांत हजर झालेले शब्द पाहून आमच्या मनाने घेतले की, हे दोघे सख्खे भाऊ आहेत की केवळ नावबंधू, याचा एकदा छडा लावावा. सरकारी कारकुनाचा उभा जन्म कागदावरचे वाद वाचण्यात जातो. फाइलीवर दोन विभागांचे कितीही वितुष्ट आले, तरी ते ‘कृपया चर्चा करावी’ या तीन सौम्य शब्दांच्या पांघरुणाखाली निजलेले असते. तेव्हा पांघरूण झुगारून देणाऱ्या या शब्दाविषयी आम्हांस कुतूहल वाटावे, यात नवल नाही.

‘राडा’ हा शब्द आज शिष्ट मंडळींच्या बैठकीत सहसा उच्चारला जात नाही. उच्चारला तरी अवतरणचिन्हांत उच्चारल्यासारखा, किंचित हसून. मुंबईच्या चाळीत, नाक्यावर, गिरणगावच्या गल्लीत तो वाढला, आणि तेथून वृत्तपत्राच्या वार्ताहराने त्याला हात धरून मथळ्यावर आणून बसविले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाही. पण ती त्याच्या तारुण्याची हकीकत झाली. बालपण निराळे आहे.

आमचे लहानपण कृष्णाकाठच्या एका खेड्यात गेले. तेथे ‘राडा’ म्हणजे चिखल. पाऊस पडून गुरांच्या खुरांनी गोठ्यापुढची जमीन तुडवली गेली की ‘राडा’ होई; उसाला पाणी देऊन आलेल्या गड्याचे पाय राड्याने भरलेले असत; आणि आम्ही तसेच पाय घेऊन माजघरात शिरलो तर आजी ओरडे, “आधी तो राडा धुऊन या!” त्या शब्दात भांडणाचा मागमूस नव्हता. शहरातही या अर्थाची एक शाखा नीट नांदते आहे. पुण्यामुंबईस घर पाडल्यावर विटा, माती, गिलाव्याचे तुकडे यांचा जो ढीग पडतो, त्यास महानगरपालिकेच्या नोटिशीतही ‘राडारोडा’ असेच म्हणतात. म्हणजे चिखल आणि पडझड, थोडक्यात जागच्या जागी नसलेली माती, हा या शब्दाचा मराठीतला घरगुती अर्थ होय.

चिखलावरून मारामारीकडे जाण्यास फार लांबचा रस्ता लागत नाही. परस्परांची निंदा करण्यास आपण ‘चिखलफेक’ म्हणतोच. शिवाय मराठीची ही जुनी खोड आहे की, ज्या प्रसंगी गर्दी जमते, आवाज चढतात आणि वस्तू अस्ताव्यस्त होतात, त्या प्रसंगाचे नाव ती कलहास देऊन टाकते. गोंधळ हा अंबाबाईच्या नावाने घालावयाचा विधी. गोंधळी संबळ वाजवून रात्र जागवितो. पण ‘गोंधळ घातला’ म्हटले की आज देवी आठवत नाही, आरडाओरड आठवते. तमाशा ही आपल्या लोकरंगभूमीची थोर कला. पण ‘चारचौघांत तमाशा नको’ असे आपण बायकामुलांस बजावतो. शिमगा हा सण; तोही तोंडाळपणाचे नाव होऊन बसला. त्याच न्यायाने राडा हा चिखल, आणि मग चिखल व्हावा तशी झालेली हाणामारी. धुळवडीच्या दिवशी चिखलात लोळवालोळव करणाऱ्या तरुणांस पाहिले, म्हणजे हे दोन अर्थ एकमेकांत कोठे मिसळले असतील ते निराळे सांगावे लागत नाही.

येथपर्यंत शब्द महाराष्ट्राच्या मातीतला. पण मग दिल्लीच्या दैनिकातील ‘रार’चे काय? दिल्लीच्या पश्चिमेस आणि उत्तरेस बहादूरगड, रोहतक, सोनीपत या बाजूस गेलो की भांडणास ‘राड़’ म्हणतात. राजस्थानात तर तो शब्द घरोघर आहे. राडीपेक्षा बाड भली, म्हणजे शेजाऱ्याशी तंटा करण्यापेक्षा मध्ये काट्यांचे कुंपण घालावे हे बरे, अशी त्यांची एक म्हणच आहे. ब्रज आणि अवधीकडे सरकताना त्यातला ‘ड़’ मृदू होऊन ‘र’ होतो, आणि ‘राड़’ची ‘रार’ होते. हिंदी कवितेतही तिला मान आहे. माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या एका सुप्रसिद्ध कवितेत ती आलेली आहे. गुजरातीत हाच शब्द ‘राड’ या रूपात भेटतो. तेथे त्याचा मुख्य अर्थ आरोळी, मोठ्याने मारलेली हाक, असा आहे.

गुजरातीतील हा अर्थ मुळाच्या सर्वांत जवळचा. संस्कृतात ‘रट्’ हा धातू ओरडणे, आक्रोश करणे या अर्थाचा आहे. त्यापासून ‘राटि’ म्हणजे लढाई हा शब्द कोशांत नोंदलेला आढळतो, आणि प्राकृतात त्याचा ‘राडि’ झाला. दोन स्वरांमधल्या ‘ट’चा ‘ड’ होणे हा प्राकृताचा नित्याचा परिपाठ : घोटकाचा घोडा झाला, वटाचा वड झाला, कटुकाचे कडू झाले. त्याच वाटेने ‘रट्’ धातूपासून मराठीत जो शब्द आला, तो आपण सर्वांनी जन्मतःच आचरणात आणलेला आहे. तो म्हणजे ‘रडणे’. उत्तरेतली ‘राड़’ आणि आपले ‘रडणे’ ही एका घरची लेकरे आहेत. एकाच आरोळीतून एका प्रांताने भांडण घेतले, दुसऱ्याने अश्रू. घरात भांडण पाहिलेल्या कोणासही हे आश्चर्याचे वाटू नये. तेथे दोन्ही गोष्टी अर्ध्या तासाच्या अंतराने येतात.

आमचे मत असे की, महाराष्ट्रातील चिखलाचा ‘राडा’ आणि उत्तरेतील आरोळीची ‘राड़’ हे दोन निराळे ओढे होते आणि मुंबईत ते एकत्र आले. मुंबईच्या चाळींत आणि गोद्यांवर कोकणचा माणूस, देशावरचा माणूस, गुजराती, मारवाडी आणि उत्तर हिंदुस्थानी हे खांद्याला खांदा लावून राहिले. एकाच्या तोंडी चिखल होता, दुसऱ्याच्या तोंडी भांडण. ध्वनी जवळजवळ सारखा. तेथे एकाचा अर्थ दुसऱ्यास चिकटणे अगदी स्वाभाविक होते.

‘रट्’ धातूचे आणखी एक अपत्य हिंदीत आहे : ‘रटना’, म्हणजे तेच तेच पुन्हा पुन्हा म्हणणे, घोकणे. ओरडण्यापासून घोकण्यापर्यंत अर्थ कसा गेला, ते प्राथमिक शाळेच्या वर्गाबाहेर उभे राहिले असता सहज कळते. पण याच ठिकाणी आम्हांस आमच्याच आयुष्यातील एका फजितीचा उलगडा झाला. तो वाचकांस सांगितला पाहिजे, कारण परप्रांती राहणाऱ्या पुष्कळांच्या वाट्यास ती आली असेल.

दिल्लीत बदलून आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या कूलरचे पाणी आमच्या खिडकीतून आत, मुलाच्या पुस्तकांवर ठिबकू लागले. शेजारी मेरठकडील, वयाने वडील, दुसऱ्या एका मंत्रालयात नोकरीस. आम्ही दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी जिना चढून वर गेलो. मनात अत्यंत नम्र भाव धरून, आपल्या समजुतीप्रमाणे शुद्ध हिंदीत म्हणालो, “भाई साहब, आपसे एक तकरार करनी है.” त्यांचा चेहरा पालटला. क्षणभर आमच्याकडे रोखून पाहून ते म्हणाले, “तो कर लीजिए,” आणि त्यांनी दार लावून घेतले. कूलर दुसऱ्या दिवशी सरकला. पण त्यानंतर तीन वर्षे आम्ही एकाच जिन्यावरून चढलो-उतरलो, आणि मानेच्या किंचित हालचालीपलीकडे आमचा व्यवहार गेला नाही. दिवाळीस त्यांच्याकडून मिठाई आली नाही, आमच्याकडून फराळाचे ताट गेले नाही. आमच्या सौभाग्यवती दोनदा म्हणाल्या, “अहो, तुम्ही त्यांना असे बोललात तरी काय?” त्याचे उत्तर आम्हांस देता येईना.

तक्रार हा अरबी शब्द. मूळ अर्थ पुनरावृत्ती, तेच पुन्हा करणे. फारशी दप्तराबरोबर तो हिंदुस्थानभर पसरला. उत्तरेत त्याचा अर्थ एकाने एक म्हणावे, दुसऱ्याने तेच उलटवून म्हणावे, अशी वादावादी, भांडण असा झाला. मराठीने मात्र त्याच पुनरावृत्तीतून गाऱ्हाणे घेतले. कारण गाऱ्हाणे हे आपल्याकडे एकदा सांगून कधी भागत नाही. मराठी माणूस ‘तक्रार’ घेऊन जातो तेव्हा तो न्याय मागत असतो. दिल्लीकर ती ऐकतो तेव्हा त्यास आव्हान ऐकू येते. आम्हांस जो शब्द हवा होता तो ‘शिकायत’. हा शब्द आम्हांस ठाऊक नव्हता असे नाही. पण ‘तक्रार’ हा आपला, घरचा, कचेरीत रोज लिहावयाचा शब्द, तो येथेही चालतो हे कानांनी ऐकले होते, आणि जो शब्द दोन्हीकडे चालतो तो दोन्हीकडे सारखाच चालतो, असे आम्ही गृहीत धरले. परभाषेतील अनोळखी शब्द फसवीत नाही. फसवितो तो ओळखीचा.

अशी कुळे पाहू लागलो म्हणजे भांडणाचे शब्द फार सभ्य घरांतून आलेले दिसतात. ‘हुज्जत’ म्हणजे अरबीत पुरावा, युक्तिवाद. आपण ‘हुज्जत घालू नकोस’ म्हणतो तेव्हा जणू पुरावाच देऊ नकोस म्हणतो. ‘कज्जा’ हा काजीच्या, म्हणजे न्यायाधीशाच्या कुळातला. आणि ‘भांडण’ हा तर फार जुना वारसा. पाली ग्रंथांत ‘भण्डन’ हा कलहास शब्द आहे, आणि कौशांबीच्या भिक्षूंच्या प्रसिद्ध भांडणाच्या प्रसंगी तो येतो. ते भांडण कशावरून झाले? एका भिक्षूने शौचाच्या जागी पात्रात थोडे पाणी शिल्लक ठेवले, आणि तो दोष की दोष नव्हे, यावर संघात दोन तट पडले. प्रत्यक्ष बुद्धाने समजूत घातली, तरी कोणी ऐकेना. अखेर तो त्यांस सोडून एकटा अरण्यात निघून गेला. ही हकीकत वाचली तेव्हा आमच्या जिन्यावरच्या कूलरच्या पाण्याची आम्हांस आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

तेव्हा ‘राडा’ हा उपरा, गावंढळ, नाक्यावरचा शब्द आहे म्हणून त्यास हिणवण्याचे कारण नाही. ज्या प्राकृताने त्याच्या उत्तरेकडील भावंडास जन्म दिला, त्या प्राकृतास आणि मराठीस केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी एकाच निर्णयाने अभिजात भाषेचा दर्जा दिला. पालीही त्याच पंक्तीत होती. रस्त्यावरचा शब्द पुढे राजसभेत जाऊन बसल्याची उदाहरणे परदेशांतही आहेत. स्कॉटलंडच्या बोलीत गलबला, तंटा या अर्थी ‘स्टुशी’ असा एक शब्द आहे. त्याचे स्पेलिंग लोक चार तऱ्हांनी करतात आणि त्याची व्युत्पत्ती कोशकारांस लागलेली नाही. बिघडलेली इंग्रजी म्हणून शाळेत ज्या बोलीस छड्या मिळाल्या, तिच्यातला हा शब्द १९९९ साली एडिंबरोस स्कॉटिश पार्लमेंट पुन्हा भरू लागल्यानंतर तेथील राजकारणाच्या वार्तांत सर्रास वावरतो. आपल्याकडे विधानसभेतील गदारोळास वृत्तपत्रे ‘राडा’ म्हणू लागली, त्यातलाच हा प्रकार.

आमचे दुखणे निराळे आहे. मराठीत भांडणाच्या शब्दांचा एक सबंध जिना होता. तळाशी कुरबूर आणि धुसफूस; तेथे शब्द ओठांबाहेर पडत नाहीत. मग खटका उडे. मग बाचाबाची होई. मग हमरीतुमरी; हा शब्द तर हिंदी सर्वनामांचा बनलेला आहे, ‘आमची’ आणि ‘तुमची’, म्हणजे जेथे ‘आपली’ हा शब्द संपतो ती पायरी. मराठी माणसाने रागाच्या भरात परभाषेची सर्वनामे का उसनी घ्यावी, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे; कदाचित स्वतःच्या भाषेत ‘आपण’ असा एक शब्द असल्यामुळे तेथे माणसे वेगळी करणे जड गेले असेल. त्याच्यावर हातघाई, हा लढाईतला शब्द, तलवारी भिडल्या म्हणजे लढाई हातघाईवर येई. आणि सर्वांत शेवटी कज्जा, म्हणजे न्यायालयाची पायरी. यातील प्रत्येक पायरीवर उभ्या असलेल्या माणसास आपण किती चढलो हे शब्दानेच कळत असे. ‘नुसती बाचाबाची झाली’ असे म्हणणारा मनुष्य खाली उतरण्यास अजून मोकळा होता.

‘राडा’ या सगळ्या पायऱ्या एकदम झाकून टाकतो. दोन पुढारी एकमेकांकडे पाहून तावातावाने बोलले, राडा. पंचवीस जणांनी खुर्च्या फेकल्या, राडा. दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत दोन नट्यांनी स्वयंपाकाच्या पाळीवरून तोंडे फिरवली, तरी राडा. तरुण मंडळींत तर आता तो कौतुकाचाही शब्द झाला आहे; वरातीत कोणी उत्तम नाचला की ‘राडा केला’. तो अर्थ आम्हांस आवडतो. त्यात निदान कोणाचे डोके फुटत नाही. पण पहिल्या सगळ्या ठिकाणी एकच शब्द वापरल्यावर लहान भांडण मोठ्याच्या बरोबरीस जाऊन बसते, आणि मग त्यास तसेच वागावे लागते.

शब्दाबरोबर कोणती क्रियापदे येतात तेही पाहण्यासारखे आहे. भांडण मिटते. वाद संपतो. कज्ज्याचा निकाल लागतो. तंटा तुटतो, सुटतो, मिटवला जातो. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २००७ रोजी गावोगावचे वाद गावातच सामोपचाराने मिटविण्यासाठी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा नेमका ‘तंटा’ हाच शब्द निवडला. कारण त्याच्या मागे मिटण्याची सवय उभी होती. ‘राडामुक्त गाव’ असे नाव कोणास सुचणे शक्य नव्हते. राडा होतो, राडा करतात, राडा घालतात. राडा मिटविल्याचे मात्र सहसा ऐकू येत नाही. आरंभ असलेला पण शेवट नसलेला असा हा भांडणाचा शब्द आहे.

परंतु एवढे लिहिल्यावर आजीचे वाक्य आठवते आणि आम्हांस आपलाच निवाडा थोडा दुरुस्त करावा लागतो. जुन्या अर्थी राड्यास शेवट होता. तो धूत असत, ओढून काढीत असत, आवरीत असत; आणि ज्याच्या पायाने तो घरात आला त्यानेच तो आवरावयाचा, असा घरचा कायदा होता.

गेल्या जूनमध्ये आमचे मेरठकर शेजारी निवृत्त होऊन घर सोडून निघाले. त्या दुपारी दिल्लीची आंधी येऊन गेली होती आणि जिन्यावर बोटभर धूळ साचली होती. हमालांनी कूलर उतरविताना त्याच्या टाकीतले उरलेले पाणी सांडले, आणि वरच्या मजल्यापासून आमच्या दारापर्यंत चिखलच चिखल झाला. आम्ही दार उघडून पाहिले आणि मुलास हाक मारून म्हणालो, “बाळ, खराटा आण; हा राडा आवरला पाहिजे.” शेजारी हातात एक खोके घेऊन वरून उतरत होते. ते मध्येच थांबले आणि दमलेल्या आवाजात म्हणाले, “अब जाते-जाते कैसी राड़, भाई साहब?”

त्यांच्या प्रश्नाचा अर्थ ध्यानात येण्यास आम्हांस दोन क्षण लागले. मग आम्ही खराटा भिंतीस टेकवला आणि सांगितले की, आमच्या मुलखात राडा म्हणजे हा, पायाखालचा चिखल. आणि बोलावयास लागलोच होतो म्हणून दुसरी गोष्टही सांगून टाकली. की तीन वर्षांपूर्वी आम्ही वर आलो होतो ते भांडावयास नव्हे, आमच्या भाषेत तक्रार ही एवढीच असते. ते ऐकत राहिले. “तो आप शिकायत लेकर आए थे!” ते म्हणाले. आम्ही मान डोलावली. त्यांनी खोके कठड्यावर ठेवले, आमच्या मुलाच्या हातातली बादली घेतली आणि वरच्या पायरीपासून पाणी ओतीत खाली येऊ लागले. आम्ही मागून खराट्याने लोटत होतो. दोघेही फारसे बोललो नाही. शेवटची पायरी धुऊन झाली तेव्हा खाली मालमोटारीचा भोंगा बराच वेळ वाजत होता.